रविवारी मिस्सेला जाता येत नसेल तर घरी काय करायचं

गेल्या महिन्याभरात तीन जणींनी फोन करून मला एकच गोष्ट विचारली. एकीची सासू अंथरुणाला खिळलेली, एकीचं बाळ दोन महिन्यांचं, एकीच्या नवऱ्याची रविवारीच ड्युटी आणि गाडी एकच. मिस्सेला, म्हणजे चर्चमध्ये फादर चालवतात त्या रविवारच्या मुख्य उपासनेला, जाता येत नाही, मग घरी नक्की करायचं काय, आणि ते चालतं का. तिघींना तेच तेच सांगून घसा बसला म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. मी काही फादर-सिस्टर नाही, घर चालवणारी बाई आहे, पण आमच्या घरी हे सात-आठ वर्षं चालू आहे आणि बऱ्याच चुका करून झाल्यात.

माझं माहेर वसईचं. तिथं चर्चची घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची, पहिली घंटा झाली की केस विंचरायचे आणि दुसरीला चपला घालायच्या. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा पहिले सहा महिने रविवार उजाडलाय हेच कळायचं नाही. इकडे ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मिरज येतं, १८९४ साली डॉ. वॉनलेसनी तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासूनची तिकडची बरीचशी मंडळी प्रॉटेस्टंट पंथाची. आपण कॅथलिक त्यात मूठभर. चर्च लांब, गाडी नसेल तर रिक्षावाला सांगेल ते भाडं, आणि त्यात आमच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. म्हणजे मिस्सा चुकणं हे आमच्याकडे आळसाचं काम नाही, गणितच बसत नाही.

आधी मनातली टोचणी काढून टाका, कारण तिघींचा खरा प्रश्न तोच होता. रविवारची मिस्सा मुद्दाम, कंटाळा आला म्हणून सोडणं ही गंभीर गोष्ट आहे, त्यात मी गोड बोलणार नाही. पण आजारपण, तान्हं मूल, आजाऱ्याला एकटं टाकता न येणं, जवळपास फादरच नसणं, रस्ता बंद असणं, यात दोष लागत नाही, चर्चच्या शिकवणीत हे साफ लिहिलेलं आहे. चर्चच्या कायद्यातलं १२४८ वं कलम तर पुढे जाऊन सांगतं की अशा वेळी एकट्यानं, कुटुंबानं किंवा दोन-चार कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत वेळ घालवावा. म्हणजे घरची प्रार्थना हा आपला जुगाड नाही, चर्चनंच सुचवलेला रस्ता आहे. आणि हो, शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात, ज्यांची रविवारी ड्युटी असते त्यांनी आधी ती जमते का बघा, आमच्या ओळखीतल्या एकाला ही गोष्ट चाळिशीत कळली आणि तो आधी माझ्यावरच चिडला.

आता दुसरी गोष्ट, जी मी स्वतः चुकवली होती. घरी मिस्सा करायची नसते. सुरवातीला मी उत्साहात टेबलावर पांढरं कापड, ग्लासात द्राक्षाचा रस, बशीत चपातीचा तुकडा असं मांडलं होतं, वाटलं मुलांना समजेल. नंतर फादरांना सांगितलं तर ते हसले, पण म्हणाले हे पुन्हा करू नका. भाकर आणि द्राक्षारसावरची प्रार्थना फक्त फादरांची, ती आपण वाचूनसुद्धा दाखवायची नाही, मुलांच्या डोक्यात घोळ होतो. तसंच घरी प्रार्थना चालवणाऱ्यानं "प्रभू तुमच्याबरोबर असो" म्हणायचं नाही आणि हात पसरून आशीर्वाद द्यायचा नाही. शेवटी सगळ्यांनी आपापल्या अंगावर क्रूसाची खूण करायची आणि म्हणायचं, "प्रभू आम्हाला आशीर्वाद देवो". तुम्हाला ऐवजी आम्हाला, एवढाच फरक, पण फरक आहे.

वेळ ठरवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं इकडेतिकडे झालं तरी चालेल. "करू दिवसभरात कधीतरी" म्हटलं की रात्री साडेदहाला आठवतं आणि मग एक "आमच्या बापा" म्हणून झोपायचं. आमची वेळ सकाळी नऊ, कारण त्या वेळी आईंची, म्हणजे सासूबाईंची, औषधं झालेली असतात, आंघोळ झालेली असते आणि त्या ताज्या असतात. अकरा वाजले की त्यांना डुलकी लागते. तुमच्या घरातल्या आजाऱ्याचं घड्याळ बघून वेळ ठरवा, चर्चचं घड्याळ बघून नाही. जागा पण तीच ठेवा. आमचं अल्तार (वेदी) म्हणजे आईंच्या खोलीतल्या फ्रीजवरचा क्रूस आणि मरियामातेची मूर्ती, हसू नका, आईंना पडल्या पडल्या तिथंच नीट दिसतं. मेणबत्ती मात्र फ्रीजवर लावत नाही, ती स्टुलावर. ऑक्सिजन चालू असलेल्या घरी मेणबत्ती, उद काही लावू नका, बॅटरीवरचा दिवा ठेवा, देवाला चालतो.

बरं, आता प्रत्यक्ष क्रम. क्रूसाची खूण. मग अर्धा मिनिट गप्प बसायचं, खरंच गप्प, आणि आठवड्यात काय काय चुकलं ते मनात आणायचं, मग "हे प्रभू, दया कर". त्यानंतर "परमेश्वराचा गौरव" हे स्तुतिगीत, म्हणता येत असेल तर गाऊन, फक्त आगमनकाळात (नाताळच्या आधी) आणि उपवासकाळात (ईस्टरच्या आधी) ते म्हणत नाहीत. मग वाचनं. पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन, शुभवर्तमान (बायबलातल्या येशूच्या आयुष्यावरच्या चार पुस्तकांतला भाग). शुभवर्तमानाला जमतं त्यांनी उभं राहायचं, आई पडूनच असतात पण त्या वेळी डोक्यावर पदर घेतात, तेवढंच त्यांचं उभं राहणं. मग थोडं बोलणं, मग "मी विश्वास धरतो", मग सगळ्यांसाठी विनंत्या, मग "हे आमच्या स्वर्गीय बापा", मग आध्यात्मिक कम्युनियन (ते काय ते खाली सांगते), मग आशीर्वाद मागून संपवायचं. सगळं मिळून पंचवीस-तीस मिनिटं. तान्ह्या बाळाच्या आईनं यातलं फक्त शुभवर्तमान, आमच्या बापा आणि आध्यात्मिक कम्युनियन एवढंच केलं तरी पुष्कळ झालं, बाळ रडलं तर तिथंच थांबा, नंतर पुढे सुरू करा, कोणी शिट्टी वाजवून बाद करत नाही.

वाचनं कुठली घ्यायची हा मोठा घोळ. मनाला येईल ते पान उघडू नका, जगभर त्या रविवारी जी वाचनं होतात तीच घ्या, म्हणजे तुम्ही खोलीत एकटे असलात तरी वसईपासून रोमपर्यंत सगळ्यांबरोबर असता. चर्चच्या कॅलेंडरात दिलेली असतात, मोबाइलवरही मिळतात. रविवारचं चक्र तीन वर्षांचं. अ वर्षात मुख्य मत्तय, ब मध्ये मार्क, क मध्ये लूक, आणि योहान मध्ये मध्ये येतो, जास्त करून उपवासकाळात आणि पास्काच्या (ईस्टरच्या) दिवसांत. कुठलं वर्ष चालू आहे ते ओळखायची युक्ती, सालाला तीननं भाग जातो ते क वर्ष. २०२५ ला भाग जातो म्हणून ते क, मग २०२६ अ, २०२७ ब. फक्त चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरात पुढचं अक्षर धरायचं.

आणि बायबल कुठलं आहे ते बघून घ्या. हे मला महापुरात कळलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं सांगलीच्या आयर्विन पुलाची ४५ फुटांची धोक्याची खूण कधीच मागे टाकली होती, आमच्या खालच्या मजल्यात पाणी शिरलं आणि आम्ही आईंना घेऊन मिरजेत नवऱ्याच्या मित्राकडे गेलो. आईंचं तेव्हा हाड मोडलेलं नव्हतं, पण त्यांना होडीत बसवताना आमचं जे झालं ते झालं. ११ ऑगस्टला रविवार, चर्चला जायचा प्रश्नच नव्हता, अंगावरच्या एका जोडीवर आलो होतो. आई म्हणाल्या वाचन तरी कर. मोबाइलला सहा टक्के चार्जिंग, त्यात वाचनं कुठली ते बघून घेतलं आणि फोन बंद केला, मित्राच्या आईकडून बायबल मागून घेतलं. पहिलं वाचन ज्ञानग्रंथाचं, अठरावा अध्याय. मी पुढून शोधते, मागून शोधते, ज्ञानग्रंथ सापडेचना. त्या माऊली बिचाऱ्या माझ्याबरोबर बोट लावून अनुक्रमणिका वाचतायत, नीतिसूत्रे, उपदेशक, गीतरत्न, आणि एकदम यशया. त्यांना वाटलं मी नाव चुकीचं सांगतेय, मला वाटलं पानं फाटलीत. दोघी एकमेकींना समजावत बसलो. मग लक्षात आलं, ते प्रॉटेस्टंट, त्यांचं बायबल ६६ पुस्तकांचं, आपलं ७३ चं. तोबित, यहुदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबीची दोन, ही सात त्यांच्यात नसतात, शिवाय एस्तेर आणि दानीएल यांचे काही भाग. बाजारात सहज मिळतं ते मराठी बायबल बहुतेक ६६ चंच असतं, म्हणून विकत घेताना अनुक्रमणिका उघडा आणि मक्काबी आहे का बघा, एवढी एक खूण पुरते.

त्या दिवशी आम्ही पहिलं वाचन सोडून दिलं आणि सरळ शुभवर्तमानावर गेलो. लूकचा बारावा अध्याय, हे लहान कळपा भिऊ नको, आणि पुढे, कमरा कसलेल्या असू द्या आणि दिवे लावलेले असू द्या. लाइट गेलेली, टेबलावर एक मेणबत्ती, आई, आम्ही, त्या घरची चार माणसं. त्यांची उपासना वेगळी, आपली वेगळी, पण आमच्या बापा दोघांनाही पाठ. ती प्रार्थना मी विसरणार नाही, आणि त्यात मी कसलीही तयारी केलेली नव्हती. बायबल अजिबातच नसेल तेव्हासाठी म्हणून सांगते, २३ वं स्तोत्र घरात सगळ्यांचं पाठ असू द्या, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, एवढी शिदोरी पुष्कळ दिवस पुरते.

वाचनानंतरचं बोलणं. इथं घरातल्या पुरुषमाणसानं प्रवचन द्यायची संधी साधू नये, आमच्याकडे एकदा ते वीस मिनिटं चाललं, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या आणि डाळ लागली. प्रत्येकानं एकच वाक्य बोलायचं, मला यातलं काय लागलं. मुलगा एकदा म्हणाला "उधळ्या मुलाच्या गोष्टीत मोठ्या भावाचं बरोबर होतं", आणि खरं सांगते, त्या एका वाक्यावर आम्ही सगळे दिवसभर बोलत होतो. ज्याला बोलायचं नाही त्यानं नाही बोलायचं.

विनंत्यांमध्ये स्वतःचंच रडगाणं नको. आधी पोपसाहेब आणि चर्च, मग देश आणि राज्यकर्ते, मग आजारी, गरीब, मग आपलं गाव. पाऊस नसेल तर जतकडच्या लोकांसाठी पाऊस मागा आणि आपल्याकडे पुरे म्हणून सांगा. मेलेल्यांची नावं घ्या. प्रत्येकाच्या शेवटी "प्रभू, आमची प्रार्थना ऐक". आईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं "ऐक" नेहमी एक विनंती उशिरानं येतं, आम्ही आता थांबतो त्यांच्यासाठी.

आता आध्यात्मिक कम्युनियन, हा घरच्या प्रार्थनेचा गाभा. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत कम्युनियनला मिळणारी पवित्र भाकर, हातात मिळत नाही पण हवा आहे, ती ओढच देवापुढे ठेवायची. अठराव्या शतकातले संत आल्फोन्सस लिगोरी यांची यासाठीची प्रार्थना प्रसिद्ध आहे, पुस्तकात असेल तर तीच म्हणा. नसेल तर साधं बोला, मी तिच्याच वळणानं असं म्हणते: "प्रभू येशू, तू ख्रिस्तप्रसादात खरोखर आहेस असा माझा विश्वास आहे. मला तू हवा आहेस. आज मला तुला कम्युनियनमध्ये घेता येत नाही, तर माझ्या मनात तरी ये. तू आलास असं समजून मी तुला धरून बसते, मला तुझ्यापासून लांब जाऊ देऊ नकोस." म्हणून झालं की लगेच उठू नका, दोन मिनिटं बसा, फोनला हात लावू नका. मला स्वतःला हेच सगळ्यात जड जातं.

टीव्हीवर किंवा मोबाइलवर मिस्सा लावली तर? लावा की, मराठी मिस्सा लाइव्ह करणारी चॅनलं यूट्यूबवर सापडतात. पण शक्यतो लाइव्ह बघा, रेकॉर्ड केलेली पुढे ढकलत ढकलत बघणं म्हणजे सिरियल झाली. भाजी निवडत बघायची नाही. उभं राहायचं तिथं उभं राहायचं, उत्तरं मोठ्यानं द्यायची. आणि ज्याला चर्चला जाणं शक्य आहे त्याच्यासाठी स्क्रीनवरची मिस्सा रविवारच्या मिस्सेची जागा घेत नाही, हे लॉकडाऊननंतर बरेच जण विसरले, माझ्या घरातले पण. तेव्हाची गोष्ट वेगळी होती. २७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस रिकाम्या चौकात पावसात एकटे चालत गेले, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, नेहमी नऊला झोपणाऱ्या आई टक्क जाग्या. ती मिस्सा नव्हती, प्रार्थना आणि ख्रिस्तप्रसादानं दिलेला आशीर्वाद होता, पण आईंनी मोबाइलसमोर हात जोडले ते शेवटपर्यंत खाली घेतले नाहीत.

रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, ही रविवारच्या प्रार्थनेच्या जागी नको, संध्याकाळी ठेवा. त्यात येशू आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग मनात आणायचे असतात, त्यांना रहस्यं म्हणतात. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही प्रकाशाची २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी दिली आणि आमच्या आईंना ती अजून मान्य नाहीत, त्या गुरुवारी जुन्या पद्धतीनं आनंदाचीच म्हणतात, मी वाद घालत नाही. त्यांचं माहेर श्रीरामपूरकडचं, हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला लहानपणी बैलगाडीनं गेलेल्या, माळ त्यांच्या हाताला जास्त कळते. त्यांच्या माळेतला एक मणी पुरात गेला, तिथं त्यांनी दोऱ्याची गाठ मारलीय आणि गाठीवरही नमो मरिया म्हणतात. आजाऱ्याला पाचही दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) एका दमात नको, सकाळी दोन, दुपारी एक, रात्री दोन अशी तोडून घ्या.

आता ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांनी हे नीट वाचा. मिस्सा घरी येत नाही, पण कम्युनियन घरी येऊ शकतं. फादरांना फोन करा. लाजू नका, त्यांना कळवल्याशिवाय कळणार कसं, आम्ही तब्बल पाच महिने नुसते "फादरांना त्रास कशाला" म्हणत बसलो होतो आणि फादर म्हणतात मला वाटलं तुम्ही गावी गेलात. बऱ्याच चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी जायची पद्धत असते, आपलं नाव त्या यादीत घालून घ्या. काही ठिकाणी फादरांऐवजी नेमलेले सिस्टर किंवा प्रापंचिक माणसं आणतात, ते पण तेच ख्रिस्तशरीर आहे, तोंड वाकडं करू नका. कन्फेशन (पापांची कबुली) करायचं असेल तर मात्र फादरच लागतील, तसं आधी फोनवरच सांगा, आणि त्या वेळी घरच्यांनी खोलीबाहेर जायचं, दार लोटायचं. तेव्हाच आजाऱ्यांच्या तेलाच्या संस्काराबद्दलही विचारा. लोक अजून समजतात की तो मरायला टेकलेल्याचा, म्हणून फादर तेल घेऊन आले की शेजारपाजारचे रडायला लागतात. तसं नाही हो, मोठं आजारपण, मोठं ऑपरेशन, म्हातारपणानं आलेला थकवा, याला पण देतात आणि पुन्हा पुन्हा घेता येतो. आईंना ऑपरेशनच्या आधी दिला होता, त्या आज मला भाजीत मीठ कमी म्हणून बोलतात.

फादर यायच्या आधी एक छोटं टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, आणि एक पेला पाणी. पाणी विसरू नका, कोरडं गिळायला म्हाताऱ्या माणसाला जड जातं, आधीच सांगितलं तर फादर लहानसा तुकडा देतात. टीव्ही बंद, कुत्रं बांधून. कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं नसतं, पण पाणी आणि औषध कधीही चालतं, आणि म्हातारे, आजारी व त्यांची सेवा करणारे यांना हा एक तासाचा नियम लागू नाही, म्हणजे शुगर असलेल्या माणसाला उगाच उपाशी ठेवू नका. फादर दारात आले की "या या, बसा, पाऊस काय म्हणतोय" सुरू करायचं नाही, त्यांच्या खिशातल्या छोट्या डबीत कोण आहे ते लक्षात ठेवून सरळ खोलीत न्यायचं. गप्पा आणि चहा नंतर. आमच्या आई तर आधीच सांगून ठेवतात की चहात आलं टाक, फादरांना सर्दी झालेली असते, आणि भडंग जास्त तिखट करू नको.